माळ घातली की ग्लोव्ह्ज सोडायचे? जॉर्ज फोरमनच्या निमित्तानं

खाडीकाठ (दाभोळ)

आमच्या व्यायामशाळेत सध्या एक वाद पेटलाय, तो इथे मांडतो. बंदरावरचा एक मुलगा आहे, वडील होडीवर खलाशी. हात चांगला, दमही चांगला. एक मोठी लढत हरल्यावर खचला, आषाढीला पंढरपूरला गेला आणि माळ घालून आला. मासळी सोडली, बॉक्सिंगही सोडलं. आता त्याला परत उतरायचंय. वाडीतली जाणती मंडळी म्हणतात, माळ आणि मारामारी एका घरात नांदत नाहीत, एक काय ते ठेव. मुलाचं नाव इथे कोणी विचारू नये.

माझं मत स्पष्ट आहे. त्यानं खेळावं, आणि माळकरी म्हणूनच खेळावं. जॉर्ज फोरमन ह्या अमेरिकन बॉक्सरनं हे करून दाखवलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड वस्तीत सात भावंडांत वाढलेला मुलगा. शाळेत डबा नाही हे इतरांना कळू नये म्हणून रिकामी कागदी पिशवी फुगवून नेत असे, हे त्यानं स्वतःच सांगितलंय. पुढे रस्त्यावर लोकांना लुबाडू लागला. एकदा पोलीस मागे लागले तेव्हा एका घराखालच्या चिखलात लपला आणि तिथे पडल्यापडल्या त्याला पहिल्यांदा उमगलं की आपण चोर झालो आहोत. १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिंपिकचं सुवर्ण, २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडून जगज्जेता. पण त्या काळातला फोरमन कोणालाच आवडत नसे. कोणाशी धड बोलायचं नाही, समोरच्याला नजरेनंच खाऊन टाकायचं. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासामध्ये मुहम्मद अली दोरांना पाठ लावून मार खात राहिला, फोरमन मारून मारून थकला आणि आठव्या फेरीत पडला. त्या पराभवानं तो आतून किडत गेला.

१७ मार्च १९७७, सान हुआन. जिमी यंगकडून गुणांवर हरला. ड्रेसिंग रूममध्ये त्याला वाटलं आपण मेलो, खोल अंधारात लोंबकळतोय. मग हातांवर, कपाळावर रक्त दिसलं, ख्रिस्ताचं. हा अनुभव तो आयुष्यभर सांगत राहिला. पुढच्याच वर्षी धर्मोपदेशक झाला, ह्यूस्टनमध्ये लहानसं चर्च काढलं, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून उपदेश करू लागला. १९८४ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी केंद्र उघडलं. दहा वर्षं ग्लोव्ह्ज घातले नाहीत. १९८७ मध्ये परतला तेव्हा वजन १२१ किलोच्या घरात. आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला, ४५ व्या वर्षी, किन्शासात घातलेली तीच लाल चड्डी घालून त्यानं तेव्हाचा जगज्जेता असलेल्या २६ वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या फेरीत झोपवलं. तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर तोवर मूरर पुढे होता. जिंकल्यावर फोरमन नाचला नाही, कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून प्रार्थना केली. हेवीवेटमध्ये, म्हणजे सर्वांत जड वजनगटात, इतक्या वयाचा जगज्जेता त्याआधी झाला नव्हता. आधीचा विक्रम जर्सी जो वॉलकॉटचा, १९५१ मध्ये जगज्जेता झाला तेव्हा तो ३७ चा होता.

ज्याला देव भेटला तो माणूस रिंगणात परत गेला आणि देव काही सुटला नाही. मग आमच्या पोराला हीच अट का?

---

हरिपाठ (संगमेश्वर)

खाडीकाठदादा, तुमच्या मुलाबद्दलची तळमळ समजते. पण उदाहरण चुकीचं घेतलंत.

कबड्डी असती तर मी पहिला म्हटलं असतं, खेळ बाबा. बॉक्सिंगमध्ये समोरच्याच्या डोक्याला इजा व्हावी हाच डाव असतो. तो बेशुद्ध पडला की तुम्ही जिंकलात. चुकून लागणं वेगळं आणि लागावं म्हणून मारणं वेगळं. माळ घालताना आपण जीवमात्राला दुखवणार नाही असं मनाशी ठरवतो; त्यासाठीच मासळी सोडतो. समुद्रकाठच्या माणसानं मासळी सोडणं म्हणजे काय असतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. सुरमईच्या जिवाची पर्वा करणाऱ्यानं समोरच्या पोराच्या जबड्याची करू नये?

दुसरं म्हणजे रिंगणात गळ्यात काही घालून उतरू देत नाहीत. म्हणजे प्रत्येक लढतीला माळ काढणार? आमच्याकडे माळ काढत नाहीत. ही अट वाडीनं घातलेली नाही, माळेसोबतच आलेली आहे.

आणि फोरमन स्वतःच दहा वर्षं लांब राहिला, ते का? त्यालाही कुठेतरी कळलं होतं म्हणूनच ना? परत आला तो पैशासाठी.

---

खाडीकाठ

हो, पैशासाठीच आला. त्यानं ते कधी लपवलं नाही. केंद्र चालवायला पैसे उरले नव्हते, स्वतःही बुडायच्या बेतात होता. एका धर्मसभेत त्याच्या केंद्रासाठी झोळी फिरवली गेली तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं त्यानं सांगितलंय. भीक मागण्यापेक्षा जे काम येतं ते करू, म्हणून उतरला. ह्यात मला कमीपणा दिसत नाही.

परतलेल्या फोरमनचे सामने बघा, मग पहिल्या फोरमनचे बघा. आधी तो समोरच्याला संपवायला यायचा. नंतर हात छातीसमोर आडवे धरून, जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा मारत, सावकाश पुढे सरकायचा. फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात स्टुलावर बसायचासुद्धा नाही. द्वेषाशिवाय बॉक्सिंग होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हा माणूस पाहिलेला नाही.

आपल्या प्रत्येक तालमीत मारुती का असतो हो? लाल मातीत उतरण्याआधी पोरं त्याच्या पाया पडतात. भक्ती आणि बळ ह्यांचं वैर आपल्याकडे कधीच नव्हतं. माळेचं म्हणाल तर लढतीपुरती ती मारुतीसमोर ठेवता येईल.

---

हरिपाठ

तालमीत कुस्ती होते. पाठ टेकवली की कुस्ती सुटते, डोकं फोडत नाहीत. आणि लढतीपुरती बाजूला ठेवायची असेल तर ती माळ कसली? ह्या मुद्द्यावर मी हलणार नाही.

---

दवाखाना (गुहागर)

मी दवाखान्यात काम करते, म्हणून देवाधर्मापेक्षा मेंदूबद्दल लिहिते.

जिमी यंगच्या लढतीनंतर डॉक्टरांनी फोरमनला उष्माघात आणि मेंदूला बसलेला धक्का सांगितला होता. त्याला काय दिसलं, कोण दिसलं, ह्याबद्दल मी काही म्हणणार नाही, ते त्याचं. पण धक्का बसलेल्या मेंदूनं पुन्हा दहा वर्षं ठोसे खावेत हे मला पटत नाही. १९९२ मध्ये ॲलेक्स स्टुअर्टशी जिंकला तेव्हाचा चेहरा शोधून बघा, दोन्ही डोळे सुजून बंद व्हायला आले होते. ती जिंकलेली लढत होती!

ज्या अलीनं त्याला हरवलं त्याचं काय झालं? १९८० मध्ये लॅरी होम्सकडून मार खाल्ला, १९८१ मध्ये पुन्हा उतरला, १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान. पार्किन्सन्स नेमका ठोशांमुळेच झाला असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही, पण डोक्यावर वारंवार मार बसणाऱ्यांचा मेंदू झिजतो हे वैद्यकशास्त्रात १९२८ पासून लिहिलं जातंय. किन्शासाच्या लढतीवरच्या माहितीपटाला १९९७ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा मंचाच्या पायऱ्या चढायला फोरमननं अलीला हात दिला. एकाला पुनरागमन पचलं, एकाला नाही. फोरमन २१ मार्च २०२५ ला ७६ व्या वर्षी गेला, शेवटपर्यंत बोलता-चालता होता. आपण त्याचीच कथा सांगतो, कारण तो सुटला. न सुटलेल्यांच्या कथा पोरांना कोण सांगणार?

आणखी एक. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांत वरिष्ठ पुरुषांचे हेडगार्ड, म्हणजे डोक्याला घालायचं संरक्षक कवच, काढून टाकलेत. तुमचा मुलगा वरिष्ठ गटात गेला तर उघड्या डोक्यानं खेळावं लागेल. आईवडिलांना हे सांगितलंय का?

---

गजालवाडी (मालवण)

माका ह्या सगळ्यात एक गोष्ट कोणीच बोलणा नाय त्याचा वाईट वाटता. फोरमनाक देव १९७७ साली गावलो. त्याच्या आधी बारा वर्सां तेका सरकारी योजना गावली होती!

आता सगळ्यांना समजेल असं लिहितो. १९६४ मध्ये अमेरिकेत लिंडन जॉन्सनच्या सरकारनं गरिबीविरुद्धच्या कायद्यात जॉब कोअर सुरू केलं. शाळा सुटलेल्या गरीब मुलांना घरापासून लांब नेऊन राहायला जागा, पोटभर जेवण आणि हातात हुन्नर द्यायचा. फोरमन १९६५ मध्ये गेला. आधी ओरेगॉन, मग कॅलिफोर्निया. दिवसाला तीन वेळचं जेवण त्याला तिथे मिळालं. तिथेच डॉक ब्रॉडस नावाचा प्रशिक्षक भेटला, त्यानं ह्या भांडकुदळ पोराला रिंगणात आणलं. तीन वर्षांत ऑलिंपिक सुवर्ण.

तेव्हा श्रद्धेनं उठला की जिद्दीनं उठला हा वाद घालण्याआधी विचारा की आमच्या बंदरावरच्या पोराला कोण उठवतंय. बारावीनंतर एक तर होडी, नाहीतर मुंबईची गाडी. रिंगण तालुक्याला नाही, प्रशिक्षक जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीचं भाडं बापाच्या खिशातून. पोर हरलं आणि खचलं तेव्हा भजनी मंडळानं जवळ घेतलं. बरंच केलं. पण दुसरं कोणी आलंच नव्हतं.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

गजालवाडीशी शंभर टक्के सहमत.

दवाखानाताईंचा मुद्दा खरा आहे, पण पुनरागमन म्हटलं की धोका एवढंच दिसू नये. मेरी कोमकडे बघा. मणिपूरच्या शेतमजुराच्या घरातली मुलगी, ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे जपणारी. जुळी मुलं झाल्यावर परतली, २०१२ मध्ये लंडनला कांस्य, २०१८ मध्ये दिल्लीत सहावं जागतिक सुवर्ण. तेव्हा ती तीन मुलांची आई होती. ती परतली तेव्हाही शहाणी माणसं हेच म्हणाली असतील, आता पुरे.

हरिपाठकाका, तुम्ही पैशासाठी हा शब्द ज्या सुरात लिहिलात तो मला खटकला. आपल्याकडे घरातला मुलगा देवाला लागला की कौतुक होतं, आणि तोपर्यंत घर चालवते आई. काजूच्या कारखान्यात बसून, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन. कमावणं सोडलेल्या भक्तापेक्षा कमावणारा भक्त मला जवळचा वाटतो.

---

हरिपाठ

ताई, कमावण्याला माझा विरोध नाही. माझे वडील माळ घालून आयुष्यभर शेती आणि सुतारकाम करत होते. प्रश्न कोणतं काम हा आहे.

आणि खाडीकाठदादांना एक सरळ प्रश्न. केंद्रासाठी उतरला म्हणता. १९९१ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या होलीफिल्डशी लढला, हरला, पण लाखो डॉलर मिळाले. १९९४ मध्ये जगज्जेतेपद आलं, त्याच सुमाराला त्याच्या नावाचं ग्रिल बाजारात आलं, त्यातून तर बॉक्सिंगपेक्षा जास्त मिळालं. मग १९९५ मध्ये ॲक्सेल शुल्त्झशी का लढला? ती लढत खरी शुल्त्झनं जिंकली होती, परीक्षकांनी ती फोरमनला दिली असं आजही अनेकांचं मत आहे, आणि परत लढायला नकार दिल्यामुळे एक किताबही गेला. शेवटची लढत १९९७ ची, ४८ व्या वर्षी. तोपर्यंत केंद्राला पैसे कमी पडत होते का? नाही. तेव्हा त्याला रिंगण हवं होतं. रिंगण हवं असणं आणि देव हवा असणं ही ओढाताण त्याच्यातही होती, तुम्ही ती पुसून टाकलीत.

---

खाडीकाठ

ओढाताण होती, मान्य. पण म्हणूनच तो मला जवळचा वाटतो. शुल्त्झशी पुन्हा लढायला हवं होतं हेही खरं. पण ४८ व्या वर्षीसुद्धा त्याला रिंगण हवं होतं, ह्यात पाप कुठे आहे? रविवारी चर्चमध्ये उपदेश करणारा माणूस उरलेले दिवस सराव करत होता. दोन्ही ठिकाणी तो एकच होता. आमच्या मुलाला वाडी सांगते की तू दोन माणसं आहेस, एक निवड. मला हेच अमानुष वाटतं. हरल्यावर ज्या देवानं त्याला सावरलं, त्याच्याच नावानं त्याचे हात बांधायचे?

दवाखानाताई, तुमचा मुद्दा मी मनावर घेतलाय. वाडीनं परवानगी दिली तरी डोक्याची नीट तपासणी झाल्याशिवाय त्याला सरावात मी उभा करणार नाही, आणि हेडगार्डचं त्याच्या आईवडिलांशी ह्याच आठवड्यात बोलतो. गजालवाडी, एसटीच्या भाड्याचं आमची व्यायामशाळा बघेल, पण प्रशिक्षक आठवड्यातून एकदा तरी खाली बंदरावर यावा म्हणून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना अर्ज द्यायचाय. मसुदा करायला मदत कराल का?

---

गजालवाडी

करतंय. आज राती धाडतंय.

---

दवाखाना

तपासणीला नेताना आधी कधी बेशुद्ध पडला होता का, उलट्या झाल्या होत्या का, डोकं किती दिवस दुखलं, हे सगळं लिहून न्या. मुलं डॉक्टरांसमोर लपवतात, खेळू देणार नाहीत ह्या भीतीनं. आईला सोबत घ्या, तिला आठवत असतं.

---

हरिपाठ

माझा विरोध कायम आहे. पण वाडीची बैठक बसेल तेव्हा मुलाला स्वतःला बोलू द्या. आतापर्यंत त्याच्याबद्दल वाडी बोलली, तुम्ही बोललात, मी बोललो. त्यानं माळ कोणाच्या सांगण्यावरून घातली नव्हती.