मदत हवी आहे: मॅकार्थीचा गुडघा आणि आमच्या घरातलं सुतक

मंडळी, ग्रुपात कोणी ऑर्थो किंवा फिजिओ आहे का? आम्ही मिनियापोलिसला असतो, घरात सगळे वायकिंग्जवाले, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचे चाहते. एप्रिल 2024 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दहाव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, जे. जे. मॅकार्थी घेतला तेव्हा लेकाने लगेच 9 नंबरची जर्सी मागितली. ऑगस्टमध्ये रेडर्सविरुद्धच्या पहिल्याच सराव सामन्यात मॅकार्थीने दोन टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) टाकले आणि नंतर कळलं, त्याच्या उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) फाटलाय, आणि तो शिवावा लागला. अख्खा सीझन गेला! चार सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) हरलेल्या टीमचे चाहते आम्ही, सवय आहे म्हणा. पण लेक जर्सीची घडी करून कपाटात ठेवून आलाय.

मला कळत नाहीये ते असं: फाटका तुकडा कापून काढला तर खेळाडू काही आठवड्यांत परततो, मग टाके घालून शिवण्यात इतके महिने का? पुढच्या आयुष्यासाठी शिवलेला बरा, एवढं ऐकलंय. शिवाय मॅकार्थी उजव्या हाताने फेकतो, म्हणजे जोर मागच्या, उजव्याच पायावर. फेकीची ताकद कमी होईल का? इथे कोणाचा मेनिस्कस शिवलाय का? पळायला कधी लागलात? लेकाला काय सांगू?