छोटी केबिन-बोट : पहिला पैसा कुठे घालायचा?

तेलकट_हात

निळीरेघ यांचं परवाचं लिखाण वाचून दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही. जुनी, आठ मीटरची केबिन-बोट घेणाऱ्या नवख्याला त्यांनी सल्ला दिलाय की पहिला पैसा चार्टप्लॉटर (नकाशावर बोट कुठे आहे ते दाखवणारा पडदा), रडार, ऑटोपायलट, बो थ्रस्टर (बोटीचं नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा) आणि लिथियम बॅटऱ्यांत घाला. पुढे म्हणतात, "इंजिन आणि तळ वर्षातून एकदा मेकॅनिकला दाखवला की मालकाची जबाबदारी संपली." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात गेलं.

माझी बोट घेतली तेव्हा आदल्या मालकाने वर चार्टप्लॉटरचा मोठा पडदा बसवून दिला होता आणि मी त्याच्यावरच भाळलो. दुसऱ्या मोसमात एका रात्री नांगर टाकून केबिनमध्ये झोपलो होतो. पाण्याला उठलो तर पाय ओला. फळी उचलली, तर पाणी बॅटऱ्यांच्या बुडाला लागलेलं. टॉयलेटला समुद्राचं पाणी आणणारी नळी सीकॉकवरून, म्हणजे बोटीच्या तळातल्या भोकावरच्या झडपेवरून, निसटली होती. क्लिप वरून चकचकीत दिसत होती, पण स्क्रूच्या डबीखाली पट्टी गंजून दोन तुकडे झालेले. सीकॉक बंद करायला मूठ फिरवली तर मूठ हातात आली. पितळेचा होता. मोडलेली जागा टॉर्चखाली बघितली तर पिवळी नव्हे, गुलाबी, आणि नखाने खरवडली की भुगा पडत होता. खाऱ्या पाण्याने जस्त खाऊन टाकलं होतं आणि तांब्याचा नुसता सांगाडा उरला होता. भोकात टॉवेल कोंबून टाचेने दाबून धरला तेव्हा पाणी आवरलं. भोकात ठोकायची लाकडी गुल्ली बोटीवर नव्हती.

आता हिशोब मांडा. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर २५ मिलिमीटरचं भोक असेल तर मिनिटाला पन्नास लिटरच्या वर पाणी आत येतं. पंपाच्या खोक्यावर ताशी २,००० लिटर लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला ३३. तेही पाणी वर चढवावं लागत नसेल तेव्हा. मीटरभर चढ, वळणावळणाची नळी आणि उतरलेली बॅटरी धरली की आकडा निम्म्यावर येतो. पन्नास आत, सतरा बाहेर! हे गणित कुठल्याही रडारच्या पडद्यावर दिसत नाही.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की पहिला पैसा फळीखाली जातो. पितळी सीकॉक काढून कांस्याचे बसवा, प्रत्येक नळीवर दोन-दोन क्लिपा, प्रत्येक भोकाजवळ दोरीने बांधलेली गुल्ली, तळात पाणी साचलं की वाजणारा भोंगा, नवा इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणारा रबरी पंखा), अर्धे झिजलेले अॅनोड (बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणारे तुकडे) बदललेले. हे सगळं झाल्यावर मग हवा तेवढा मोठा पडदा लावा. आणि मेकॅनिक वर्षातून एक दिवस येतो हो. उरलेले ३६४ दिवस त्या फळीखाली कोण बघणार?

निळीरेघ

माझं एक वाक्य उचलून तुम्ही मला बेजबाबदार ठरवलंत, म्हणून मीही सविस्तरच लिहिते.

बाबा आणि मी दोघंच होतो. सकाळी आकाश स्वच्छ, आणि अर्ध्या तासात धुकं असं उतरलं की पुढच्या टोकाचं रेलिंग दिसेना. वेग अगदी कमी केला, भोंगा देत राहिलो. रडारवर उजव्या बाजूने एक ठिपका येत होता आणि त्याची दिशा आमच्या मानाने बदलतच नव्हती. दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, म्हणजे टक्कर ठरलेली. आम्ही थांबलो. दोन मिनिटांनी एक मालवाहू पडाव आमच्या पुढून गेला, आवाज आधी आला आणि आकार नंतर. त्याच्यावर एआयएस, म्हणजे आपली जागा इतर बोटींना रेडिओने कळवणारं यंत्र, नव्हतं, म्हणजे प्लॉटरवर तो कधीच उमटला नसता. आमचा तळ तुमच्यासारखा अगदी कोरडा असता आणि रडार नसतं, तर कोरड्या तळासकट चिरडलो असतो.

बो थ्रस्टरला नवशिक्यांचं खेळणं म्हणतात त्यांचाही मला राग येतो. उंच केबिनची, एका इंजिनाची बोट वाऱ्यात बाजूला ढकलली जाते. आई ती हाताने अडवायला गेली आणि तिचं बोट धक्क्याच्या खांबात सापडलं. नख आजही वेडंवाकडं येतं. त्यानंतर पहिला खर्च मी थ्रस्टरवर केला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

लिथियमचं म्हणाल तर शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची असेल तर निम्मीच वापरता येते. १०० अँपियर-तासांचं वजन उचलायचं आणि ५० वापरायचे, हे छोट्या बोटीवर कुणाला परवडतं?

शून्य_गाठी

दोघंही मूळ चुकीवर बोलत नाही आहात. आठ मीटरच्या बोटीत इनबोर्ड डिझेल, म्हणजे आत बसवलेलं इंजिन, कोंबायचंच कशाला? मागे बाहेर लटकणारं आउटबोर्ड लावा. थंडाव्याच्या पाण्यासाठी तळात भोक नाही, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची गळती नाही, एक्झॉस्टची गरम नळी नाही. काम झालं की इंजिन पाण्याबाहेर उचला, गोड्या पाण्याने धुवा. बिघडलं तर बोल्ट सोडून काढता येतं. केबिनच्या मधोमध इंजिनाची पेटी नसल्यामुळे झोपायला जागा मिळते ती वेगळीच. इनबोर्डचा हट्ट आता सोडायला हवा.

जुनं_डिझेल

उचलली जीभ लावली टाळ्याला! आउटबोर्ड बहुतेक पेट्रोलवर चालतात, त्या पेट्रोलबद्दल एक अक्षर नाही?

आमच्या शेजारच्या बोटीत मागे आउटबोर्ड आणि टाकी आत, फळीखाली. टाकी भरली, मालकाने लगेच बॅटरीचा स्विच फिरवला. आवाज ऐकून मी वर आलो तर त्याच्या केबिनचं झाकण पाण्यात तरंगत होतं. माणूस वाचला, पण हात भाजले. टाकीच्या भरणनळीचा जोड सैल होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात जाऊन बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. इंजिन बाहेर लटकवलं म्हणून टाकी बाहेर जात नाही. डिझेल तसं सहजी पेट घेत नाही, आणि माझ्या मते समुद्रावर ही एकच गोष्ट वाद मिटवायला पुरे आहे.

शून्य_गाठी

त्या माणसाबद्दल वाईट वाटतं, पण सैल जोडाचं खापर इंजिनावर फोडू नका. भरताना सगळं बंद ठेवायचं, नंतर दारं-खिडक्या उघडायच्या, नाकाने तळ हुंगायचा, तळातली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर असेल तर किमान चार मिनिटं चालवायचा. हे न करणाऱ्याच्या हातात पेट्रोल द्यायलाच नको.

आणि डिझेल बंद पडत नाही ही समजूत आहे ना, तिने मला जवळपास खडकावर घातलं होतं. तेव्हा माझ्याकडे डिझेलच होतं. सगळा मोसम शांत पाण्यात फिरलो, इंजिनाने कधी कुरकुर केली नाही. एक दिवस बंदराच्या तोंडाशी लाटा उभ्या राहिल्या, बोट डुचमळली, टाकीच्या तळातला वर्षानुवर्षांचा गाळ ढवळून निघाला आणि फिल्टर चोंदला. आवाज आधी बारीक झाला, मग बंद. ऐन तोंडात, वारा खडकाकडे. नांगर धरला म्हणून आज लिहितोय. नंतर फिल्टरची वाटी उघडली तर तळाला पाणी आणि वर काळी शेवाळी लाळ. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, आणि ते हटकून वाईट हवेतच फिल्टरमध्ये पोचतात, कारण ढवळणं तेव्हाच होतं.

जुनं_डिझेल

यात डिझेलचा काय दोष? टाकी रिकामी ठेवलीत की आत दव धरतं, दव धरलं की पाणी साचतं. फिल्टरची वाटी दर आठवड्याला बघायची. दोन फिल्टर शेजारी-शेजारी आणि मध्ये व्हॉल्व्ह लावला असतात तर मूठ फिरवून दहा सेकंदांत दुसऱ्यावर गेला असता. आणि पेट्रोल काय साठवून ठेवता येतं? त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल खाली बसतं आणि इंजिन नेमकं तेच ओढतं. तुमचं इंजिन बाहेर उचलून धुतलेलं असेल, टाकीत काय आहे ते सांगा आधी!

शून्य_गाठी

टाकीत पाणी वेगळं करणारा फिल्टर आहे आणि मोसम संपला की मी टाकी उपसतो. दोन फिल्टर आणि व्हॉल्व्हची गोष्ट मान्य. ती मला त्या दिवसाआधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. बाकी काही मान्य नाही.

पाचास_एक

इंजिनावरून भांडताय, पण वरच्या गोष्टीत बोट कशाने वाचली? नांगराने. आणि निळीरेघ यांच्या यादीत नांगरच नाही, तेलकट_हात यांच्याही यादीत नाही!

दर मोसमात तेच बघतो. लोक पडद्यावर चार मीटर खोली बघतात, पाचाने गुणतात, वीस मीटर साखळी सोडतात आणि झोपतात. अहो, बोटीच्या नाकाची पाण्यापासूनची उंची मीटरभर कोण धरणार? भरतीचे दोन मीटर कोण धरणार? चार अधिक एक अधिक दोन, सात. साताला पाचाने गुणा, पस्तीस मीटर. वीसवर झोपलात तर भरतीला तुमचं प्रमाण तीनालाही पोचत नाही, आणि नांगर आडवा ओढला जाण्याऐवजी वर उचलला जातो. साखळीऐवजी दोर जास्त असेल तर पाच नव्हे, सात पट धरा. गेल्या मोसमात असाच एक जण पहाटे तीनला माझ्यावर वाहत आला, माझं रेलिंग वाकवलं, आणि उलट मलाच विचारलं की मी इतका लांब का झुलतोय! त्याच्याकडे दोन पडदे होते. साखळी माझ्या करंगळीएवढीही जाड नव्हती.

खारी_हवा

उपकरणांच्या बाजूनेही आणि विरुद्धही एक गोष्ट. माझ्या बोटीसोबत संकटात उपग्रहाकडे हाक पाठवणारा जुना आपत्कालीन बीकन मिळाला होता. बॅटरी बदलली आणि निर्धास्त झाले. चार वर्षांनी एका ओळखीच्या खलाशाने लेबल वाचलं : १२१.५ मेगाहर्ट्झ. ती वारंवारता उपग्रहांनी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून थांबवलंय, आता ४०६ लागतो. चार वर्षं मी मुलांना घेऊन त्या डबीच्या भरवशावर फिरत होते. हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो. त्यानंतर रेडिओ तपासला, तर मदतीची हाक पाठवणारं लाल बटण होतं, पण बोटीची ओळख सांगणारा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक आत घातलेलाच नव्हता. म्हणजे तेही बटण मुकं. वस्तू घेतली म्हणजे सोय झाली असं नाही.

तेलकट_हात

पाचास_एक, नांगर राहिला ही माझी चूक. यादीत वर घ्या.

निळीरेघ, धुक्याचा प्रसंग वाचला. त्या पाण्यात जायचं असेल तर रडार हवं हे मी मान्य करतो, पहिल्या वर्षी धुक्यात जाऊच नये असं मला अजूनही वाटत असलं तरी. पण लक्षात घ्या, १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम पहारा डोळ्यांनी आणि कानांनी ठेवा असं आधी सांगतो, बाकी साधनं त्यानंतर. तुम्ही थांबलात, भोंगा दिलात, कान दिलात, म्हणून त्या ठिपक्याचा उपयोग झाला. ऑटोपायलट लावून आत बसलेला माणूस हे करत नाही.

थ्रस्टरवर मी गप्प. आईच्या बोटापुढे वाद घालणार नाही.

लिथियमवर मात्र नाही. तुम्ही बॅटऱ्या जुन्या अल्टरनेटरला (इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या यंत्राला) थेट जोडल्या असतील तर तो जळेल. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर पूर्ण भाराने तासन् तास चालायला बनवलेला नसतो. शिवाय बॅटरीच्या आतल्या यंत्रणेने चालू इंजिनात अचानक जोड तोडला तर डायोड उडतात. मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर आहे का?

निळीरेघ

आहे. ते मला माहीत आहे, इतकी कच्ची नाही.

आज बोटीवर गेले होते. खरं सांगायचं तर तुम्हाला चुकीचं ठरवायला गेले होते. पाच सीकॉक आहेत. चार मऊ फिरले. क्लिपांपैकी तीन स्क्रूच्या डबीखाली तपकिरी झाल्या होत्या, त्या बदलल्या. अॅनोड गेल्या वर्षी मेकॅनिकने बदलला होता, त्यावर तुम्हाला बोलायला जागा नाही. बीकन ४०६ चा आहे, तेही पाहिलं.

पाचवा टॉयलेटच्या मागे आहे, हात कसाबसा पोचतो. तो हलत नाही. मुठीच्या मुळाशी हिरवट थर आहे, चाकूच्या टोकाने खरवडला तर खाली गुलाबी दिसतंय. तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं निघालं, आणि रडार मी तरीही आधीच घेतलं असतं. आता एवढंच सांगा, बारीक हातोडीने ठोकून बघू का? तेल सोडलंय.

तेलकट_हात

नाही! बोट पाण्यात असताना त्याला हातसुद्धा लावू नका. गुलाबी दिसतंय म्हणजे ठोकल्यावर मूठ नव्हे, अख्खा सीकॉक तुटून येईल आणि ते भोक किती मोठं आहे ते तुम्हाला नंतर कळेल. भोकाच्या मापाची मऊ लाकडाची गुल्ली आजच त्याच्याशेजारी बांधा, हातोडी तिच्याजवळ ठेवा. पाण्याचा भोंगा नसेल तर तोही आजच. बोट जमिनीवर काढायची तारीख घ्या आणि तोवर रात्रभर ती एकटी सोडू नका.

जुनं_डिझेल

आणि बाहेर काढाल तेव्हा पाचही बदला. एकाच वर्षी, एकाच डब्यातून बसवले असणार.

निळीरेघ

सोमवारची तारीख मिळाली. गुल्ली बांधली. आज रात्री बाबा आणि मी बोटीवरच झोपतोय.