जुने, वापरलेले भारी घड्याळ शेवटी कितीला पडले? आपले अनुभव लिहा

भाट्येकाठ (रत्नागिरी):
काल आगोटीची आवराआवर करताना पत्र्याच्या डब्यात घड्याळाच्या चार पावत्या सापडल्या आणि त्यांची बेरीज मी पहिल्यांदाच केली. २०१४ साली जहाजावरून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांकडून मी ओमेगा सीमास्टर ४२,००० रुपयांना घेतले. आत ५५२ क्रमांकाचे, २४ खड्यांचे, हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे मशीन आहे. घड्याळ चालत होते, डायल सुरेख होती, त्यामुळे मागचे झाकण उघडून पाहावे असे मला सुचलेच नाही.

आठ महिन्यांत ते दिवसाला पंधरा मिनिटे मागे पडू लागले. मुंबईच्या घड्याळजींनी झाकण काढले आणि भिंग माझ्याच हातात दिले. चावीची दांडी घड्याळाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचात, शिरते तिथे तांबूस पूड साचली होती, रबरी वॉशर डांबरासारखा चिकट झाला होता आणि झाकणाच्या आतल्या बाजूला अर्धगोल चरा पडला होता, कारण रोटरचा, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या वजनाचा, आस झिजून तो प्रत्येक फेरीला झाकणावर घासत होता. त्या एका दुरुस्तीला १७,५०० रुपये लागले. पुढच्या तीन पावत्या ९,०००, ४,२०० आणि ७,८०० रुपयांच्या आहेत. म्हणजे ३८,५०० रुपये झाले, आणि रेल्वेचे भाडे व रजा यांत धरलेल्या नाहीत. घड्याळावर माझा जीव आहे, ते मी विकणार नाही. पण ही बेरीज तेव्हा ठाऊक असती तर मी शेजाऱ्यांशी किंमत वेगळी बोललो असतो.

सुरंगी (वेंगुर्ले):
डाळ शिजेपर्यंत लिहिते. आमच्या यजमानांच्या घड्याळावर ३० मीटर असे लिहिलेले होते, म्हणून ते घालूनच समुद्रात उतरले. तो आकडा नव्या घड्याळाचा, नव्या वॉशरचा असतो, तीस वर्षे जुन्या रबराचा नसतो, हे आम्हाला नंतर कळले. रात्री काचेच्या आत वाफ धरली आणि आठवड्याभरात डायलचा रंग सहाच्या आकड्यापाशी फुगून सुटला. आता दर वर्षी पावसाळ्याआधी वॉशर बदलून दाबाची चाचणी करून घेतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हा खर्च दर वर्षीचाच धरावा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):
२२ जुलै २०२१ ला पाणी घरात शिरले तेव्हा माझे घड्याळ टेबलाच्या खालच्या खणात होते. वर्षभरापूर्वीच हप्त्याने घेतले होते. तीन दिवसांनी चिखलातून काढले आणि कोणीतरी सांगितले म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवले. ते मी करायला नको होते. तांदूळ बाहेरचा ओलावा थोडाफार ओढत असेल, पण आत शिरलेले गढूळ पाणी आतच राहते आणि पोलादाच्या बारीक भागांना गंज चढायला वेळ लागत नाही. दुरुस्तीवाले म्हणाले की त्याच दिवशी उघडून धुतले असते तर मशीन वाचले असते. तेव्हा रस्तेच बंद होते. घड्याळ गेल्यानंतरही सात हप्ते भरत होतो.

भाट्येकाठ:
वाचून फार वाईट वाटले, दादा. त्या दिवसांत माणसे सुखरूप राहिली हेच मोठे.

माडबन (राजापूर):
माझा खर्च डायलवर झाला. विकणाऱ्याने सत्तरच्या दशकातले, अगदी मूळ स्थितीतले म्हणून दिलेले घड्याळ अंधारात लख्ख चमकायचे आणि मला त्याचेच कौतुक होते. डायलच्या तळाशी ‘टी स्विस टी’ अशी अक्षरे होती. म्हणजे त्यावर ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाचा, अंधारात चमकणारा लेप होता. ट्रिटियमची शक्ती सुमारे सव्वाबारा वर्षांत निम्मी होते. पन्नास वर्षांनी ते चमकते याचा अर्थ लेप नंतर कोणीतरी नव्याने भरला. भिंगाखाली पाहिले तर मिनिटांच्या रेषाही कमीजास्त जाडीच्या होत्या. सगळी डायलच पुन्हा रंगवलेली निघाली. विकताना मी मोजलेल्या रकमेच्या निम्मेही मिळाले नाहीत. पॉलिश करून करून कडा गोल झालेल्या केसचेही तसेच असते: दिसायला चकचकीत, पण गेलेला धातू परत येत नाही.

खाडीपलीकडे (दापोली):
वडिलांनी कुवेतहून आणलेले राडो डायस्टार माझ्याकडे आहे. त्याच्या कठीण धातूवर आजही ओरखडा नाही आणि त्यामुळेच आम्ही सगळे फसलो. बाहेरून नवे दिसते म्हणून वीस वर्षे कोणी तेल घातले नाही. आत तेल वाळून खळ झाली होती. दापोलीच्या जवळपास कोणी विश्वासाने उघडणारे आहे का?

सुरंगी:
दादा, तुमच्या जिल्ह्यात माझ्या माहितीत कोणी नाही. मुंबईची फेरी खर्चात धराच.

नवखा (देवगड):
मला आंब्याच्या हंगामाच्या पैशातून रोलेक्स डेटजस्ट १६०१ घ्यायचे आहे. तीन लाख मागत आहेत, पाच हजार आगाऊ दिले आहेत. काय पाहू?

भाट्येकाठ:
पट्टा आडवा धरा. कड्या झिजल्या असतील तर तो ओल्या दोरीसारखा खाली वाकतो आणि तसा चांगला जुना पट्टा स्वस्तात मिळत नाही. या घड्याळात चावीने तारीख थेट बदलता येत नाही, काटे फिरवूनच पुढे न्यावी लागते, तेव्हा ती मध्यरात्रीच्या आसपास बदलते का ते पाहा. मशीनवर १५७० हा क्रमांक कोरलेला दिसला तर बिचकू नका, तारीखवाल्या १५७५ क्रमांकाच्या मशीनवरही तोच असतो. मात्र तो दिसण्यासाठी झाकण उघडावे लागेल, तेव्हा घड्याळजींना सोबत न्या. शेवटची सर्व्हिसिंग केव्हा झाली याची पावती नसेल तर ती झालीच नाही असे समजून तेवढी रक्कम आजच तीन लाखांत मिळवा.

नवखा (देवगड):
आज घड्याळजींना घेऊन गेलो होतो. विकणाऱ्यांनी झाकण उघडू दिले नाही. आगाऊ दिलेले पाच हजार परत मागितले आहेत.