रोबो, रोबोट, यंत्रमानव : कुठे कोणता शब्द?

प्रश्न
एका रुग्णालयासाठी रोबोटिक सर्जरीचं मराठी माहितीपत्रक करते आहे. हाती आलेल्या मसुद्यात ‘यंत्रमानवाद्वारे शस्त्रक्रिया’ असं लिहिलंय. मला ते खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाही. ‘यंत्रमानव’ तर विज्ञानकथांमधून लहानपणापासून ओळखीचा. मग इथे काय अडतंय? दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद
अडतंय ते ‘मानवा’पाशी. या शस्त्रक्रियेत सर्जन रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलपुढे, म्हणजे यंत्र चालवायच्या मेजापुढे, बसतात. डोळ्यांपुढे पोटाच्या आतलं मोठं केलेलं त्रिमितीय चित्र, बोटांत दोन मुठी, पायाखाली पेडल. त्यांनी मनगट वळवलं की आतलं बारीक हत्यार तसंच वळतं. हाताचा कंप मधल्या मधे गाळला जातो. हात थांबला की हत्यारही थांबतं. स्वतःच्या बुद्धीने टाका घालणारं तिथे कुणी नसतं. ‘यंत्रमानवाद्वारे’ वाचून रुग्णाची आई पहिलं हेच विचारणार, की मग डॉक्टर कुठे असतील?

गंमत अशी, की ‘रोबोट’च्या मुळाशी यंत्रही नाही. हा शब्द जगभर गेला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ नाटकातून. सुचवला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे कुळाने जमीनदाराकडे सक्तीने राबणं. हॅब्सबर्ग राज्यात ही सक्ती १८४८ साली उठली. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे : वेठ. नाटकातले रोबोट लोखंडी नाहीतच. रासायनिक लगद्यापासून घडवलेले, दिसायला हाडामांसाचे. म्हणजे ‘यंत्रमानव’ त्या नाटकाला लावला तर ‘यंत्र’ चुकतं आणि तुमच्या पत्रकात ‘मानव’ चुकतो.

तरी शब्द टाकून देऊ नये. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या विज्ञानकादंबरीतल्या वामनाला तो शोभतो. इस्रोने जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूला दाखवलेल्या व्योममित्रालाही : तिला चेहरा आहे, हात आहेत, फक्त पाय नाहीत. माणसासारखं रूप असेल तिथे यंत्रमानव, एरवी रोबो. मी तरी हीच रेघ पाळतो.

प्रतिसाद
चाकणला आमच्या कारखान्यातल्या शॉपमध्ये ‘यंत्रमानव’ कुणाच्या तोंडी नाही. वेल्डिंगचा रोबो, पेंटचा रोबो. ‘दोन नंबरचा रोबो होमला घे’, म्हणजे त्याच्या मूळ जागी आण. त्याला काम शिकवतात त्याला ‘टीच करणं’ म्हणतात. पेंडंट, म्हणजे बटणांचा नियंत्रक, हातात धरायचं, एकेका बिंदूवर टोक न्यायचं आणि तो बिंदू साठवायचा. दिसायला सहा सांध्यांचा हात, बाकी काही नाही. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसलेला युनिमेट हाही हातच होता, तापलेले ओतीव भाग उचलणारा.

शिवाय ‘रोबो’ मराठीत ‘फोटो’सारखा सरळ चालतो : रोबोला, रोबोचा, दोन रोबो. ‘रोबोट’चं मात्र ‘रोबोटला’ की ‘रोबोटाला’, इथे अडखळायला होतं.

प्रतिसाद
वेठीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीचा बँडिकूट हा रोबो २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये मॅनहोल साफ करू लागला. चौकट तोंडावर उभी राहते, हात खाली उतरतो, चालवणारा स्क्रीनकडे बघत रस्त्यावरच असतो. (बँडिकूट म्हणजे आपली घूस. शब्द मूळचा तेलुगू, ‘पंदिकोक्कु’.) ‘रोबोट’ची व्युत्पत्ती मला सगळ्यात खरी इथे वाटते, कारण गटारात उतरण्याची वेठ कुणावर लादली गेली ते आपल्याला माहीत आहे. कथांमधल्या बंडखोर यंत्रमानवांची भीती आपण भरपूर चघळली. ही वेठ माणसाच्या अंगावरून कायमची उतरावी, याची ओढ तेवढी दिसत नाही.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. शीर्षक ‘रोबोच्या साहाय्याने शस्त्रक्रिया’ केलं. खाली एक ओळ घातली : ‘शस्त्रक्रिया सर्जनच करतात, रोबोचे हात त्यांच्या हातांबरहुकूम चालतात.’ मसुद्यात आकृतीखाली ‘रोबोटिक भुजा’ आहे, ते ठेवू का?

प्रतिसाद
नको, ‘रोबोचा हात’ करा. वरच्या ओळीत हात आणि खाली भुजा असेल तर वाचणाऱ्याला दोन वेगळ्या वस्तू वाटतील.