प्रति: कुळागरातलं जुनं डिझेल इंजिन

फोंड्याच्या कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) ६ एचपी (अश्वशक्तीचं) लिस्टर टाइप, म्हणजे जुन्या ब्रिटिश लिस्टरच्या धर्तीचं इंजिन उघडलंच आहे तर आतलं सगळंच नवं टाका, असं इथे एकाने सुचवलंय. मला नाही पटत. ६५० आरपीएमवर (मिनिटाला ६५० फेऱ्यांवर) चालणारं धूड ते, सहजासहजी झिजत नाही. पिस्टनची वरची रिंग जिथे थांबते तिथे लायनरवर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या आतल्या बाजूवर) नख फिरवा. कड अडकत नसेल आणि माप ठीक असेल, तर नुसत्या रिंगांवर भागेल. गास्केट, ऑइल सील, रबरी होज मात्र डोळे झाकून बदला. त्यात काटकसर कसली! क्रँकपिन (क्रँकशाफ्टवरची, कनेक्टिंग रॉड जिला जोडतात ती गोल पिन) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. अंडाकृती झाली असेल तर नवं बेअरिंग घालूनही ठोका (ठकठक आवाज) जायचा नाही; आधी ग्राइंडिंग, मग त्या मापाचं अंडरसाइज (आतून तेवढंच लहान) बेअरिंग. जुना ब्लॉक तेवढा भंगारवाल्याला देऊ नका.