प्रतिसाद: टोपी गेली ती फक्त उन्हामुळे नाही

वरच्या लेखात म्हटलंय की उन्हात गांधी टोपीनं कान-मान झाकत नाहीत म्हणून आपल्याकडं दुपट्टा आला, ते खरंच. पण टोपी मागं पडायला टेरिकॉटही (पॉलिस्टर आन् सुताचं मिश्र कापड) तेवढंच कारणीभूत आहे. त्यात खळ मुरत नाही, चार दिवसांत टोक लोळतं आन् टोपीचा रुबाबच जातो.

खादीचीच घ्या, अर्धा इंच सैल. पहिल्या धुण्यात आटते. खळीसाठी भाताची पेज फडक्यानं गाळून वाटीभर पेजेला तीन वाट्या पाणी, नीळ अगदी थेंबभर. सावलीत वाळवून दमट असतानाच इस्त्री करा, आधी पट्टी, मग टोक. घट्ट पेजेनं पांढरे पापुद्रे सुटतात आन् कापड घडीवर चिरतं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भगव्या टोपीला मात्र नीळ लावू नका, रंग मळकट दिसतो.