फ्रान्सचं आकाश फ्रान्सच्याच भरवशावर सोडायचं का?

उंचसखल

जुलै २०२५ च्या ३ आणि ४ तारखेला फ्रान्सच्या हवाई नियंत्रकांनी संप केला. सुट्ट्यांचा हंगाम नुकता सुरू होत होता. विमान कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबाने दीड हजार उड्डाणं रद्द झाली आणि तीन लाख प्रवासी अडकले. यातल्या कित्येकांना फ्रान्समध्ये पाऊलही ठेवायचं नव्हतं. लंडनहून बार्सिलोनाला जाणारा माणूस फ्रान्सच्या फक्त वरून जातो, पण त्याचं विमान फ्रेंच नियंत्रक सांभाळतात, म्हणून तोही लटकला.

'एकसंध युरोपीय आकाश' ही योजना कायद्यात आली २००४ साली. २०१२ च्या अखेरीपर्यंत देशांच्या सीमा बाजूला ठेवून आकाशाचे नऊ गट करायचे होते. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि बेनेलक्सचे तिन्ही देश (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) एका गटात. गट झाले, सह्या झाल्या, आणि रडारसमोरची माणसं होती तिथेच राहिली. २०१७ मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांनी अहवालाच्या शीर्षकातच सांगून टाकलं की संस्कृती बदलली, पण आकाश एक झालं नाही. सुधारित कायदा २०१३ मध्ये मांडला, मंजूर व्हायला २०२४ उजाडलं. मधली काही वर्षं तर जिब्राल्टरच्या विमानतळावरून ब्रिटन आणि स्पेनचं जमेना म्हणून वाया गेली.

आणि फ्रान्सची यंत्रणा? 'फोर-फ्लाइट' नावाच्या नव्या प्रणालीचं काम थेल्स कंपनीला २०११ मध्ये दिलं. ईशान्य फ्रान्समधल्या रँसच्या नियंत्रण केंद्रात ती प्रत्यक्ष चालू झाली २०२२ मध्ये. तोवर तिथले नियंत्रक कागदी पट्ट्यांवर पेनने खुणा करत होते. एकाच हायवेवर प्रत्येक जिल्ह्याने आपला टोलनाका, आपली पावती आणि आपली जेवणाची सुट्टी ठेवावी, तसा हा कारभार आहे.

माझं मत सरळ आहे. फ्रान्स युरोपच्या मधोमध आहे, त्यामुळे त्याच्या यंत्रणेचं वेळापत्रक पॅरिसने एकट्याने ठरवू नये. संपाच्या दिवशी नुसती वरून जाणारी विमानं शेजाऱ्यांच्या ताब्यात द्यावीत. रायनएअर या स्वस्त विमान कंपनीने याच मागणीसाठी दहा लाखांहून जास्त सह्या गोळा करून युरोपीय आयोगाला दिल्या होत्या. ती कंपनी मला फारशी आवडत नाही, पण मागणी बरोबर आहे.

सईबाई

उंचसखल, वाचायला छान लिहिलंय, पण रडारच्या पडद्यासमोर हे टिकणार नाही. नियंत्रकाला मान्यता मिळते ती ठरावीक केंद्राची, त्यातही ठरावीक सेक्टरांची, म्हणजे आकाशाच्या तुकड्यांची. जर्मनीतल्या कार्ल्सरूह केंद्रातला वीस वर्षांचा अनुभवी माणूस उद्या सकाळी रँसचा सेक्टर उघडून बसू शकत नाही. लष्कराचे राखीव पट्टे कधी चालू असतात, शेजारच्या केंद्राकडे विमान कुठे आणि किती उंचीवर सोपवायचं, हे अंगवळणी पडायला महिने जातात.

आणि दुसऱ्याचं आकाश सांभाळणं किती नाजूक असतं याचं उदाहरण युरोपातच आहे. १ जुलै २००२, उबरलिंगन, दोन विमानं हवेतच धडकली. जमीन जर्मनीची, पण तिथलं नियंत्रण झुरिकहून स्वित्झर्लंडच्या स्कायगाइड कंपनीकडे. रात्री एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता, प्रणालीची दुरुस्ती चालू होती, मुख्य फोन बंद होता. त्याने रशियन तुपोलेव्हला खाली जायला सांगितलं. त्याच क्षणी विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र वर जा म्हणत होतं. ७१ माणसं गेली, त्यात बरीच शाळकरी मुलं. पुढे २००६ मध्ये कॉन्स्टान्झच्या न्यायालयाने जबाबदार धरलं जर्मनीला. आपलं आकाश परदेशी कंपनीकडे सोपवायला धड कायदेशीर आधारच नव्हता, असं न्यायालयाचं म्हणणं. आता सांगा, संपाच्या दोन दिवसांपुरतं आकाश हस्तांतरित करताना जबाबदारी कोणाची लिहिणार?

अर्धवट

सईबाई, उबरलिंगनचा तुम्ही काढलेला अर्थ मला अर्धाच वाटतो (नावाला जागतोय!). त्या रात्री कार्ल्सरूहच्या केंद्राला ही टक्कर आधीच दिसली होती. तिथला नियंत्रक झुरिकला पुन्हा पुन्हा फोन लावत होता आणि फोन लागत नव्हता. नियमाप्रमाणे त्याला दुसऱ्याच्या ताब्यातल्या विमानांशी थेट बोलता येत नव्हतं. दोन्ही केंद्रं एकाच माहितीवर चालली असती, तर त्याला फोनची वाट बघावी लागली असती का? म्हणजे तुमचंच उदाहरण एकत्र प्रणालीच्या बाजूने जातं.

न्यायालयाचंही तेच. ते म्हणालं आधार नव्हता. मग आधार तयार करा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टचं केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं आणि आज ते बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीवरचं साडेचोवीस हजार फुटांपुढचं आकाश सांभाळतंय. चार देश, एक केंद्र. पन्नासहून जास्त वर्षं झाली.

सईबाई

मास्ट्रिक्ट येणार हे माहीतच होतं. पण तो इतिहास पूर्ण सांगा की. युरोकंट्रोल ही हवाई नियंत्रणासाठीची युरोपीय देशांची संस्था १९६० च्या करारातून निघाली तेव्हा वरचं सगळंच आकाश एकत्र सांभाळायचं ठरत होतं. फ्रान्स आणि ब्रिटनने आपापलं आकाश हातचं सोडलं नाही. कार्ल्सरूहचं केंद्र युरोकंट्रोलने उभं केलं आणि नंतर जर्मनीने ते स्वतःकडे घेतलं. म्हणजे एकीकरणाची मोठी गाडी मागे आली आणि मास्ट्रिक्ट तेवढं उरलं. लहान देशांना स्वतंत्र वरचं केंद्र परवडत नव्हतं म्हणून ते टिकलं. फ्रान्सला परवडतं.

तुलूजवासी

गेली काही वर्षं इथे राहते, विमानांशी संबंधित सॉफ्टवेअरमध्ये काम करते, नियंत्रणाच्या प्रणालीत नाही, एवढं आधीच सांगते. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटतेय.

उशीर होतो कसा ते बघा. आकाशाचे सेक्टर पाडलेले असतात आणि एका सेक्टरमध्ये तासाला किती विमानं घ्यायची याची मर्यादा असते. माणसं पुरेशी असली की गर्दीच्या वेळी मोठा सेक्टर फोडून दोन-तीन करता येतात. माणसं नसली की तो जोडूनच ठेवायचा. मग युरोकंट्रोलचा ब्रुसेल्समधला कक्ष विमानांना जमिनीवरच थांबवतो. अथेन्सला विमान दरवाजे लावून उभं असतं आणि कारण असतं रँसमध्ये न उघडलेला सेक्टर. हा कक्ष स्लॉट, म्हणजे उड्डाणाची वेळ, देऊ शकतो, मार्ग सुचवू शकतो. पण 'तुमचा सेक्टर उघडा' असा हुकूम कोणत्याही देशाला देऊ शकत नाही.

नवी प्रणाली आली की हे लगेच सुधारतं असंही नाही. आधी बिघडतं. रँसला २०२२ मध्ये आणि पॅरिसजवळच्या केंद्राला २०२४ च्या सुरुवातीला फोर-फ्लाइट बसवताना क्षमता मुद्दाम कमी केली, कारण शिकणाऱ्या माणसाच्या हातात पूर्ण गर्दी देत नाहीत. त्या महिन्यांत पुष्कळ उशीर झाले आणि ते सगळे आधुनिकीकरणामुळे झाले, हा विनोद इथे सगळ्यांना पाठ आहे.

उंचसखल, प्रणालीही तुम्ही म्हणता तशी एकट्या फ्रान्सची नाही. तिच्या पोटातला उड्डाणांची माहिती हाताळणारा भाग, कोफ्लाइट, इटलीबरोबर मिळून केलेला आहे. आणि खरं सांगायचं तर वेळ त्यातही गेला. दोन देशांच्या गरजा एका सॉफ्टवेअरमध्ये कोंबल्या की काय होतं ते आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

माणसांचं म्हणाल तर इथल्या नागरी विमानोड्डाण विद्यालयात तीन वर्षं, मग केंद्रावर प्रत्यक्ष सरावाची आणखी. आज भरती केली तर उपयोग पुढच्या दशकाच्या तोंडाशी.

खडूस_पुणेकर

सगळे प्रणाली प्रणाली करताय, हजेरीबद्दल कोणी बोलेना. ३१ डिसेंबर २०२२ ला बोर्दोच्या धावपट्टीवर एक छोटं विमान उभं असताना ईझीजेटच्या विमानाला उतरायची परवानगी दिली गेली. छोट्या विमानाचा पायलट रेडिओवर बोलला म्हणून वाचले. चौकशीत निघालं काय, तर टॉवरमध्ये ठरल्यापेक्षा कमी माणसं होती. पाळीचे लोक आपापसात ठरवून घरी जायचे, वेळापत्रकात मात्र हजर. मग सरकारने म्हटलं, येता-जाता कार्ड लावा. आणि २०२५ च्या संपाच्या तक्रारींमध्ये हे कार्डही होतं! ज्यांच्या हातात एवढे जीव, त्यांना कार्ड लावायचा अपमान वाटतो?

सईबाई

खडूसराव, त्या तक्रारींमध्ये माणसं कमी असणं आणि वरिष्ठांची वागणूकही होती. फक्त कार्ड उचलू नका. पाळी कापण्याची पद्धत चुकीचीच होती, तिची बाजू मी घेणार नाही. पण कार्डाने हजर माणूस कळतो, दमलेला माणूस कळत नाही.

खडूस_पुणेकर

हजर तरी कळू दे आधी.

अर्धवट

जरा माझ्याच बाजूच्या विरोधात बोलतो. सगळं एका प्रणालीत आणलं की ती पडली की सगळंच पडतं. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनमध्ये काय झालं? लॉस एंजलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या उड्डाण आराखड्यात एकाच सांकेतिक नावाची दोन ठिकाणं होती, एक अमेरिकेत आणि एक फ्रान्समध्ये. प्रणालीला काही सुधरेना, म्हणून तिने सुरक्षित राहण्यासाठी स्वतःला बंद केलं. राखीव प्रणालीला तोच आराखडा मिळाला, तीही बंद. सात लाखांहून जास्त प्रवाशांना झळ बसली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेश पाठवणारी प्रणाली अडकली आणि शेकडो उड्डाणं रखडली, नियंत्रक हाताने आराखडे भरत बसले. आपल्याकडे तर देशभर एकच प्राधिकरण आहे, ना सीमा, ना सार्वभौमत्वाचा वाद.

म्हणून प्रणाली एकसारखी नको, एकमेकींशी बोलणारी हवी.

उंचसखल

ठीक, संपाच्या दिवसाचं बाजूला ठेवू. सईबाईंचा सेक्टर-मान्यतेचा मुद्दा तोडता येत नाही. पण तुलूजवासींनी जे सांगितलं ते माझंच म्हणणं पक्कं करतं. ब्रुसेल्स विमान थांबवू शकतं, सेक्टर उघडवू शकत नाही. फ्रान्सला वरून जाणाऱ्या विमानांचं शुल्क मिळतं, नियंत्रणाचा खर्च मुख्यतः त्यातूनच निघतो. पैसे युरोपभरातून येतात आणि किती माणसं घ्यायची, कोणत्या हंगामात नवी प्रणाली बसवायची हे एक देश ठरवतो. निदान भरतीचं आणि बदलाचं वेळापत्रक तरी बंधनकारक करा. चुकलं की शुल्कात कपात.

सईबाई

शुल्क कापलं की आधी भरतीच कापली जाईल. कोविडनंतर अनेक देशांत हेच झालं, विमानं परत आली आणि माणसं नव्हती.

शिवाय २०२२ पासून युक्रेनचं आकाश बंद, रशियाचं पाश्चात्त्य कंपन्यांना बंद, आणि उरलेल्या आकाशात लष्करी सराव वाढलेले. अशा काळात फ्रान्सचं हवाई दल आपल्या राखीव पट्ट्यांचं वेळापत्रक ब्रुसेल्सच्या हातात देईल असं वाटतं तुम्हाला?

खडूस_पुणेकर

एप्रिल २०२४ विसरलात सगळे. सर्वांत मोठ्या युनियनशी करार झाला, संप मागे घेतला, तरी २५ तारखेला ढिगाने उड्डाणं रद्दच. कारण कंपन्यांना आधीच वेळापत्रक कापायला सांगितलेलं होतं. बंधनकारक नियम करून हे कसं थांबवणार, उंचसखल?

उंचसखल

त्या दिवसाचं नाही थांबवता येणार. पण करार आदल्या दिवशी होतो, महिनाभर आधी होत नाही, याला कारण उशिराचा भुर्दंड सरकारही भरत नाही आणि युनियनही. तो भरतात विमान कंपन्या आणि प्रवासी.

तुलूजवासी

ब्रेस्त आणि बोर्दोची केंद्रं फोर-फ्लाइटच्या रांगेत शेवटची. स्पेन-पोर्तुगालकडे जाणारी बरीच वाहतूक त्यांच्याच वरून जाते. तिथे प्रणाली बदलायची तर क्षमता किती आणि कोणत्या महिन्यात कमी करायची, हे लिस्बन आणि माद्रिदला विचारून ठरवायला काय हरकत आहे? सईबाई, यात ना सार्वभौमत्व जातं ना लष्कर मधे येतं. यावर तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल.

सईबाई

यावर आक्षेप नाही. पण विचारायचं म्हणजे नकाराधिकार द्यायचा का, तेवढं स्पष्ट करा.